आईचा डावा हात

बारकीने बरोबर उत्तरावर टिचकी मारली आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली.

चुकीच्या उत्तराने असं होतं, हे कुणीही समजू शकतं. नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा देणाऱ्या पोरींचं तर ते रोजचंच दुखणं आहे. पण हे उत्तर बरोबर होतं, डोळे मिटून द्यावं इतकं बरोबर. संगणकावर पुढचा प्रश्न केव्हाच येऊन बसला होता. तान्ह्या बाळाला दूध पाजण्याविषयी काहीतरी होतं त्यात. ती तो पुन्हा पुन्हा वाचत होती आणि एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर अजून आधीचाच प्रश्न होता.

तो प्रश्न असा होता: पन्नाशी उलटलेली एक बाई. डावा हात गार, डाव्या मनगटाची नाडी नीट लागत नाही. हात वर धरून काम केलं की डावा हात भरून येतो आणि चक्कर येते. डाव्या हातावर रक्तदाब मोजला, तर तो उत्तम. नर्स आधी काय करेल? खाली चार पर्याय. पाणी पाजेल, आडवं झोपवेल, उजव्या हातावरही रक्तदाब मोजेल, वजन करेल. बारकीने तिसरा निवडला, आणि बोट उचलता उचलता तिला कळलं, की ही बाई आपल्या घरी राहते.

आता ही बारकी कोण, तेही सांगायला हवं. दोन बहिणींतली धाकटी म्हणून हे नाव पडलं. पुढे ती ताडमाड वाढली, दारातून वाकून आत यायला लागली, पण नाव चिकटलं ते चिकटलं. थोरली लग्न होऊन लांब गेली. वडील मालट्रक चालवतात. ते घरी कमी आणि फोनवर जास्त भेटतात. घरी उरल्या बारकी, आई आणि आईची धाकटी बहीण, म्हणजे मावशी. खाली पडद्यांचं दुकान, वर दोन खोल्या. आई आणि मावशी मिळून पडदे शिवतात आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन टांगूनही देतात. शिवण्याचं काम मावशीचं चांगलं, पण शिडीवर चढायचं ते आईनेच. मावशी म्हणते, मला खुर्चीवर उभं केलं तरी माझा जीव खालीच बसून राहतो.

बारकीची ही परीक्षा दुसऱ्यांदा होती. पहिल्या खेपेला ती थोडक्यात राहिली. अभ्यासात ती काही मागे नव्हती, पण परीक्षेत तिचं अवसान गळायचं. आलेलं उत्तर पुसून दुसरं द्यायची. एका मोठ्या इस्पितळाच्या मेट्रनबाईंनी तिच्यासाठी वॉर्डात जागा धरून ठेवली होती. या वेळी पास झालात तर जागा तुमची, नाही झालात तर मला दुसरी मुलगी घ्यावी लागेल, असं त्यांनी गोड शब्दांत पण स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळे घरात गेले कित्येक महिने परीक्षेशिवाय दुसरा विषय नव्हता. दुकानात गिऱ्हाईक पडद्याची लांबी विचारायला यायचं आणि मावशीकडून लायसन्सच्या परीक्षेची माहिती घेऊन जायचं.

कॉलेजात त्यांच्या एक ट्यूटर होत्या. मुली त्यांना आधीबाई म्हणायच्या, कारण त्यांचा प्रत्येक प्रश्न एकाच शेपटीचा असे: आधी काय कराल? पेशंट पडला, आधी काय कराल? पेशंट रडतोय, आधी काय कराल? लायसन्सच्या परीक्षेतही हेच विचारतात, म्हणून बाईंनी पोरींना अक्षरशः घोटून घोटून तयार केलं होतं. परीक्षेतलं इस्पितळ मोठं मजेशीर असतं. तिथे एका नर्सला एकच पेशंट असतो, डॉक्टर पहिल्या रिंगला फोन उचलतात आणि कपाटात हवी ती वस्तू हवी तिथे सापडते. मुली या इस्पितळाला हसायच्या, पण उत्तरं त्याच इस्पितळाची द्यायच्या. खऱ्या वॉर्डात काय चालतं ते तिथे लिहिलं तर नापास.

रक्तदाबाच्या बाबतीत आधीबाईंचा नियम पक्का होता. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा, जास्त येईल तो हात कायमचा धरा. बारकीला हे इतकं पाठ होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. सरावाच्या प्रश्नांत हा प्रश्न तिचा एकदाही चुकला नव्हता.

फक्त घरी तिने पहिल्या दिवशी दोन्ही हात घेतले नव्हते. पहिल्या वर्षाला नवीकोरी पेटी घेऊन ती घरी आली. पट्टा, हवा भरायचा फुगा, स्टेथोस्कोप, सगळं त्यात होतं. हात कुणाचा तरी हवा होता. मावशीने, मला ते मशीन चावेल, म्हणून पळ काढला. आई एका लांबलचक पडद्याला हाताने दुमड घालत बसली होती. उजव्या हातात सुई होती. तिने डोळेही वर न करता डावी बाही सारली आणि डावा हात पुढे केला. तू तुझं काम कर, मी माझं करते, असं म्हणाली. त्या दिवसापासून तो हात ठरून गेला. एक हात कायम धरायचा, हा नियमाचा उत्तरार्ध बारकीने इमानेइतबारे पाळला. पूर्वार्ध त्या पडद्याच्या दुमडीत राहून गेला.

आईला रक्तदाबाचा त्रास जुना होता. वर्षानुवर्षं गोळी चालू होती. पण बारकी मोजायची तर आकडा असा देखणा यायचा, की पहिल्यांदा तिला आपलंच चुकलं असं वाटलं. पुन्हा मोजला, पुन्हा तेच. मग काय, घरात आनंदीआनंद. आई नाक्यावरच्या डॉक्टरांकडे गेली, ऐटीत म्हणाली, घरात नर्स आहे माझ्या, रोज तपासते. आणि सवयीने तिने डावी बाही वर केली. डॉक्टरांनाही तोच देखणा आकडा मिळाला. त्यांनी गोळी अर्धी केली आणि पुढे बंदच केली. त्या दिवशी मावशीने सगळ्यांना आइस्क्रीम आणलं होतं. आईने दोनदा घेतलं.

नाडी मात्र कधी धड लागायची नाही. कॉलेजात बारकीला कुणाचीही नाडी चुटकीसरशी सापडायची, पण आईच्या मनगटावर बोटं ठेवून ती आंधळ्यासारखी चाचपडत राहायची. आई सुई चालवता चालवता विचारायची, "मेले की काय मी?" मग तिघी हसायच्या. हात गार का, तर दिवसभर लोखंडी कात्री हातात. कात्री उजव्या हातात असते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. हात भरून का येतो, तर पडदे टांगून. चक्कर का येते, तर शिडीवर चढून. प्रत्येक गोष्टीला घरात एक कारण तयार होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. असं असलं की माणूस बघायचं सोडून देतो.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आईचं डोकं ठणकत होतं. मान आणि डोक्याचा मागचा भाग. सुईत दोरा ओवायला गेली तर ओवेना. आज या सुईला दोन भोकं दिसतायत, कुठल्यातून घालू, असं तिने हसत विचारलं. बारकी बुटाची नाडी बांधत होती, तरी नर्स ती नर्स. पेटी काढली, पट्टा आवळला, मोजलं. एकशे सोळा, शहात्तर. "पास," आई म्हणाली, "आता तुझाही निकाल असाच आण." बारकीने पेटी शकुन म्हणून पिशवीतच टाकली आणि निघाली. तिच्या मागोमाग आई आणि मावशीही निघणार होत्या. एका नाचाच्या वर्गाच्या मोठ्या हॉलचं काम होतं, उंच उंच खिडक्या आणि जाड मखमली पडदे.

हे सगळं बारकीला परीक्षेच्या खुर्चीत एकदमच आठवलं. हॉल, उंच खिडक्या, जड मखमल, शिडी, वर धरलेले हात, सुईला दिसणारी दोन भोकं. डोकं ठणकतंय आणि दिसायला दोन-दोन दिसतंय, म्हणजे उजव्या हातात काय चाललं असेल, हे तिला या क्षणी परीक्षेतल्या इस्पितळापेक्षा स्वच्छ दिसत होतं. इतके दिवस मी खोटा आकडा सांगत आले. माझ्या आकड्यावर तिची गोळी बंद झाली. बारकीच्या तोंडचं पाणी पळालं. आपण ओरडलो असं तिला वाटलं, पण आजूबाजूची एकही मान वळली नाही. म्हणजे ओरडली नव्हती.

आधी काय कराल, बारकी? तिने हात वर केला.

देखरेखीवरचे गृहस्थ पावलांचा आवाज न करता आले. वयस्कर, चष्मेवाले, शांत माणूस. परीक्षेत रडणाऱ्या मुली त्यांनी ढिगाने पाहिल्या असणार. ते कुजबुजत म्हणाले, पाणी प्या, थोडा वेळ बाहेर बसायला मिळतं, घड्याळ चालू राहील एवढंच. बारकीने विचारलं, फोन करता येईल का? ते म्हणाले, फोनला हात लावलात की परीक्षा तिथेच संपली, मग मला काही करता येणार नाही. तेवढ्यात त्यांना काहीतरी विचित्र वाटलं असावं.

"घरी काही झालंय का? तुम्हाला फोन आला?" त्यांनी विचारलं, आणि विचारल्यावर त्यांनाच आठवलं की सगळ्यांचे फोन कपाटात बंद आहेत.

"फोन नाही आला," बारकी म्हणाली. "प्रश्न आला."

त्यांना काही कळलं नाही. कळणार तरी कसं? बारकीला एकदा वाटलं, बसावं. इतकी वर्षं काही झालं नाही, अजून घटकाभरात काय होणार आहे? मेट्रनबाईंची जागा, पहिल्या खेपेचं नापास होणं, दुकानात निकाल विचारणारी गिऱ्हाइकं, सगळं तिच्या खांद्याला धरून खाली दाबत होतं. आणि आज पहिल्यांदाच तिचं सगळं बरोबर येत होतं. ते तिला आतून जाणवत होतं. आज ती पास झाली असती. ती उठली.

कपाटातून फोन काढेपर्यंत किल्ली दोनदा खाली पडली. आईचा फोन वाजत राहिला. मावशीने उचलला, तोही बऱ्याच वेळाने. मागून संगीताचा आवाज येत होता.

"अगं, तू परीक्षेत ना?" मावशी म्हणाली.

"मावशी, आई कुठाय?"

"कुठे म्हणजे? वर. शिडीवर. शेवटची खिडकी राहिलीय."

"तिला आत्ता खाली उतरव. हळू उतरव. शिडी तू धर."

मावशी का, कशाला, करत राहिली. मग तिने हाक मारली, ती बारकीला फोनवर ऐकू आली. लांबून आईचा आवाज आला, दोनच हुकं राहिलीत, एवढी लावून येते. मावशीने ते इमानाने फोनवर पुन्हा सांगितलं. बारकी जिन्याच्या पायऱ्या उतरत होती. तिला माहीत होतं, आईला एखादं काम अर्धवट सोडायला लावायचं तर आग लागली म्हणून सांगितलं तरी ती हुक लावूनच पळेल. मग तिला एकच गोष्ट सुचली.

"तिला सांग, बारकी नापास झाली आणि रस्त्यात रडत उभी आहे."

मावशीने फोन कानापासून दूर केला. मग काहीतरी बोलल्याचं, शिडी करकरल्याचं ऐकू आलं. तोवर बारकी टॅक्सीत बसली होती, फोन कानाला घट्ट. शिडीची एक एक पायरी वाजत होती आणि प्रत्येक पायरीला तिचा जीव वरखाली होत होता. मग आईचा आवाज जवळ आला. "बारके, रडू नकोस गं. परत देता येते ना? रडू नको." बोलणं किंचित जड वाटत होतं, का संगीतामुळे तसं वाटत होतं, कोण जाणे. बारकीने तिला सांगितलं, आहेस तिथे बस, उभी राहू नकोस, मी येते. आईने निमूट ऐकलं. नापास झालेल्या लेकीचं आई ऐकते, हे बारकीला नवीनच होतं.

ती हॉलमध्ये शिरली तेव्हा नाचाचा वर्ग संपला होता. आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, आणि वर एक पडदा अर्धा लटकत होता. लेकीला बघून तिने हात पसरले. बारकी तिच्या मिठीत न जाता गुडघ्यांवर बसली आणि पेटी उघडली. मावशी म्हणाली, आता कसली तपासणी काढलीस, आधी पाणी तरी पी. आईने मात्र लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि सवयीने डावी बाही वर केली.

"तो नको," बारकी म्हणाली. "उजवा."

उजव्या हातावर पट्टा बांधला. ती नेहमी जिथवर हवा भरायची तिथवर भरली, आणि स्टेथोस्कोप लावला. नेहमी तिथे सामसूम असायची. मग हवा सोडत गेलं की कुठेतरी खाली बारीक टकटक सुरू व्हायची, ती ऐकायला तिने कान तयार केले होते. आज कान लावताच ठोके. दाराबाहेर कुणीतरी उभं राहून दोन्ही मुठींनी दार बडवावं, तसे. ती गांगरली, पुन्हा हवा भरली, आणखी वर. तरी ठोके. आणखी. ठोके थांबेचनात. तिने फुगा दाबत नेला, दाबत नेला, आणि जिथे ते थांबले तिथल्या आकड्याकडे ती बघतच राहिली. दोनशे चौतीस. खालचा एकशे तीस. एवढा आकडा तिने फक्त पुस्तकात पाहिला होता, आणि पुस्तकातही त्या पानावर लाल चौकट होती.

"किती?" आईने विचारलं.

बारकीने आकडा सांगितला. तो ऐकून मावशी, जी आयुष्यात कधी गप्प बसली नव्हती, भिंतीला धरून सावकाश खाली बसली. नाचाच्या शिक्षिकेने हात दिला म्हणून आईला टॅक्सीपर्यंत नेता आलं. इस्पितळ मागच्याच रस्त्याला होतं. आई मधूनमधून विचारत होती, अगं पण तुझ्या नापासाचं काय, आणि बारकी सांगत होती, बोलू नकोस, डोळे मीट.

तातडीच्या कक्षात गर्दी होती. ड्यूटीवरची नर्स एका पेशंटला सुई लावून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे, अशी भिंगरीसारखी फिरत होती. ती आली, आईच्या सगळ्यात जवळचा हात तिने घेतला, आणि तो होता डावा. तिथलं मशीन आपोआप फुगलं, आपोआप सुटलं. "एकशे अठरा," नर्स म्हणाली, "छान आहे की. बसा जरा, डॉक्टर बघतील." आणि ती वळली.

बारकीला वाटलं, आपल्याला वेड लागतंय. इतकी वर्षं तीच हे म्हणत आली होती. अगदी याच आवाजात. छान आहे की.

तिने नर्सचा हात धरला. खरं तर असं करायचं नसतं. "सिस्टर, उजव्या हातावर दोनशे चौतीस आहे. आत्ता मोजलाय. कृपा करून दुसरा हात बघा."

नर्सने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही नर्स आहात?"

बारकीच्या जिभेवर हो आलं होतं. सकाळपर्यंत तेच आलं असतं. "नाही," ती म्हणाली. "मी हिची मुलगी आहे."

नर्सला राग आला असता तर चाललं असतं, पण ती चांगली नर्स होती. पट्टा सोडवला, पलंगाला वळसा घातला, उजव्या हातावर बांधला. मशीन फुगत गेलं, थांबलं, पुन्हा फुगलं. आकडा उमटला आणि नर्सचा चेहरा उतरला. तिने वळून एकच हाक मारली, आणि मग आईभोवती इतकी माणसं जमली की बारकीला आईचे फक्त पाय दिसत होते. एका पायातली चप्पल हॉलमध्येच राहिली होती.

त्यानंतरचं बारकीला तुकड्यातुकड्यांत आठवतं. शिरेतून औषध चालू झालं. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, खुर्ची ओढून बारकीसमोर बसल्या. त्यांनी सांगितलं, डाव्या खांद्याकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आत अरुंद झाली आहे, म्हणून त्या हातात रक्त कमी जातं आणि दाब खोटाच कमी दिसतो. खरा दाब उजव्या हाताचा. डोक्यात रक्त सांडलेलं नाही. आज शिडीवरून खाली उतरल्या म्हणून, त्या म्हणाल्या, आणि वाक्य पूर्ण न करता उठल्या. मग जाता जाता त्यांनी विचारलं, हे लक्षात कुणाच्या आलं? मावशीने बारकीकडे बोट दाखवलं. बारकीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. लक्षात आलं म्हणे. रोज तिच्यासमोर मांडलेलं होतं, आणि ते लक्षात यायला एक अनोळखी बाई परीक्षेत भेटावी लागली.

संध्याकाळी आईला वॉर्डात आणलं. दाब उतरला होता, डोकं हलकं झालं होतं, जीभही ताळ्यावर आली होती. त्यामुळे तिने लगेच चौकशी सुरू केली. निकाल आज कसा लागला? परीक्षा संपते कधी, निकाल लागतो कधी? बारकीला खोटं रेटवेना. तिने सगळं सांगितलं. प्रश्न, तिसरा पर्याय, वर केलेला हात, पडलेली किल्ली.

वाईट बातमी ऐकून माणसाचा चेहरा कसा होतो ते बारकीने वॉर्डात पुष्कळदा पाहिलं होतं. आईचा तसा झाला होता. दोनशे चौतीस ऐकून झाला नव्हता, आता झाला.

"नापास नव्हतीसच? मधेच उठलीस?" ती म्हणाली. "अगं वेडे, येत होतं ना सगळं? घटकाभर थांबायचं की."

"नाही थांबता आलं."

"मग त्या प्रश्नाचे तरी मार्क देतील?"

"अर्धवट सोडली की कशाचेच देत नाहीत."

"म्हणजे बरोबर उत्तर देऊन नापास," आई म्हणाली. "आणि मेट्रनबाई?"

बारकीने मान हलवली. मेट्रनबाईंना तिने फोन केला होता. त्या चांगलं बोलल्या, आईची काळजी घे म्हणाल्या, आणि जागेविषयी काहीच बोलल्या नाहीत. त्यावरून जे समजायचं ते बारकी समजली होती. मावशी पायाशी बसली होती. ती म्हणाली, माझाही दाब बघ गं उद्या, चावलं मशीन तर चावलं. कुणी हसलं नाही.

नर्स फेरीला यायची वेळ झाली. आईने न सांगता दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारल्या आणि शाळेतल्या मुलीसारखे दोन्ही हात पांघरुणावर मांडून ठेवले. बारकीने आईचं डावं मनगट उचललं. रोजच्यासारखीच बोटं ठेवली, रोजच्यासारखीच शोधत राहिली. गार होतं मनगट. नाडी कुठेतरी खोल, असून नसल्यासारखी.

आई सवयीनेच म्हणाली, "मेले की काय मी?"

आणि सकाळपासून ज्या मुलीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तिला एकदम असा हुंदका फुटला की शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली. आई तिला थोपटायला लागली, डाव्या हाताने, कारण उजव्यात सलाईन होतं. बारकीने तो हात हळूच खाली ठेवला. पलंगाला वळसा घालून ती पलीकडे गेली, सलाईनची नळी सांभाळून उजवं मनगट हातात घेतलं, आणि ठोके न मोजता नुसतं धरून बसली.